कधीपासून?

लोकांच्या घरी जाऊन प्यायला पाणी मागायचं आणि त्यांच्या दुखण्याची जन्मतारीख काढून आणायची, हे त्याचं काम होतं. नोकरी म्हणावी तर तीही धड नव्हे, कारण विमा कंपनी त्याला पगार देत नव्हती, केसमागे पैसे देत होती. कुणी दवाखान्यात दाखल झालं, क्लेमचा कागद कंपनीत पोचला आणि आकडा मोठा असला, की तो कागद या तपासनिसाकडे यायचा. त्याने त्या घरी जायचं, चार गोष्टी बोलायच्या आणि एवढंच शोधायचं, की दुखणं पॉलिसीच्या आधीचं आहे की नंतरचं. नंतरचं असेल तर कंपनी पैसे देणार. आधीचं असेल आणि अर्जात लिहिलेलं नसेल, तर घरी एक छापील पत्र येणार.

ऑफिसात त्याला मावशी म्हणत. चांगला बावन्न वर्षांचा बाप्या, अर्धं टक्कल, जाड भिंगांचा चष्मा, पण विचारपूस अशी करायचा की सख्ख्या मावशीने हात टेकावेत. ‘माय मरो, पण मावशी जगो’ असं कुणीतरी त्याच्या टेबलावर चिकटवलंही होतं, आणि त्याने ते काढलं नव्हतं. त्या दिवसांत त्याला अशा गोष्टींचं हसू यायचं.

त्याची पद्धत ठरलेली होती. बाहेरच्या खोलीत बसायचं नाही. बाहेरच्या खोलीत माणसं कपडे नीट करून बसतात आणि बोलणंही नीट करूनच बोलतात. पाणी मागायचं आणि आणणाऱ्याच्या मागे मागे स्वयंपाकघरात जायचं. पाणी भरलं जाईपर्यंत फ्रीजच्या डोक्यावर एक नजर टाकायची, कारण जगातल्या सगळ्या घरांत जुन्या गोळ्यांची पाकिटं तिथेच पडलेली असतात. मग इकडचं तिकडचं बोलायचं. खरा प्रश्न आत विचारायचाच नाही. तो उठल्यावर, पेनाला टोपण लावल्यावर, दारात चपला घालता घालता विचारायचा. टोपण लागलेलं पेन पाहिलं की माणूस सैल होतो. आणि लिहायचं तेही घरात नाही, खाली रस्त्याच्या कोपऱ्यावर, कुठल्यातरी कठड्यावर कागद ठेवून.

या कामात त्याला एक गोष्ट कळली होती, आणि ती त्याने नव्या लोकांना शिकवलीही होती. माणसांना, त्यातून आयांना, असं वाटतं की दुःख लांबवून सांगितलं म्हणजे ऐकणाऱ्याला दया जास्त येईल. महिन्याचं दुखणं त्या वर्षाचं करतात, वर्षाचं जन्माचं करतात. इतर कुठेही हा हिशोब बरोबर असेल. इथे तो उलटा होता. जेवढं दुःख जुनं, तेवढं पत्र लवकर.

मागच्या वर्षी तो एका म्हातारीकडे गेला होता. तिचा मुलगा फ्रीज दुरुस्त करणारा, चाळिशीही न गाठलेला, हृदयाचं काहीतरी होऊन दवाखान्यात पडलेला. म्हातारी घरी एकटीच बटाटे सोलत बसली होती. तिने फडक्याने खुर्ची पुसली, पाण्याचा पेला दिला, आणि तो लगेच प्यायला नाही म्हणून त्यावर एक बशी झाकून ठेवली. “उघडं पाणी ठेवू नये हो,” एवढंच म्हणाली. फ्रीजवर काही नव्हतं. घर स्वच्छ होतं. केस खरी होती, हे त्याला तेव्हाच कळलं. पण पद्धत ती पद्धत. दारात चपला घालता घालता तो म्हणाला, “आजी, फार सोसलं असेल हो तुम्ही. कधीपासून असा त्रास त्याला?”

आणि म्हातारी बोलली. “लहानपणापासूनच तसा आहे हो नाजूक. शाळेत धावायचा तर धाप लागायची त्याला. मी म्हणायचे, सावकाश बाळा, सावकाश.”

आता कुठल्या पोराला धावल्यावर धाप लागत नाही? हे त्यालाही कळत होतं. पण कोपऱ्यावरच्या कठड्यावर कागद ठेवून त्याने लिहिलं, ‘रुग्णाच्या आईच्या सांगण्याप्रमाणे त्रास बालपणापासून.’ पाच शब्द. लिहायला अर्धं मिनिटही लागलं नाही.

जाताना त्याने नेहमीप्रमाणे आपला नंबर दिला होता, काही लागलं तर फोन करा म्हणून. कुणी कधी करत नसे. म्हातारीने दीड महिन्याने केला. म्हणाली, “साहेब, मुलगा गेला. तिथलं परवडेना म्हणून घरी आणला होता. नऊ दिवस काढले त्याने. तुम्हाला कळवावं म्हटलं. तुम्ही किती नीट विचारलंत त्या दिवशी. दुसऱ्या कुणी विचारलंच नाही हो.”

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. शिव्या अंगावरून झटकता येतात. हे वाक्य झटकता येईना. ते त्याच्याबरोबर घरोघर जाऊ लागलं. कुणाच्याही स्वयंपाकघरात तो बसला, की पाठीमागे ओट्याशी कुणीतरी बटाटे सोलतंय असं वाटायचं, सालाचा बारीक आवाज यायचा. मान वळवली की तिथे कुणी नसे, नाहीतर त्या घरची बाई उभी असे आणि ती काहीच सोलत नसे. त्याचं कामातलं कसब गेलं. दारातला प्रश्न ओठांपर्यंत यायचा आणि तो तसाच जिना उतरून जायचा. ऑफिसात लोक म्हणाले, मावशी म्हातारी झाली.

मग त्याच्या स्वतःच्या घरात पेला दिसू लागला. तो संध्याकाळी घरी आला की स्वयंपाकघरातल्या टेबलावर पाण्याने भरलेला पेला असायचा आणि त्यावर बशी. त्यांच्याकडे अशी पद्धत नव्हती. बायको म्हणायची, मी नाही ठेवला. वडील म्हणायचे, मीही नाही, पण माझं काय, मला हल्ली सकाळचं सकाळी आठवत नाही. तो बशी काढून पाणी मोरीत ओतून द्यायचा. दोन-चार दिवस जायचे आणि पेला परत हजर. त्याला त्या पेल्याची भीती वाटायची. एवढ्या टकल्या माणसाला बशीची भीती वाटते, हे कुणाला सांगणार?

घरात तिघंच. तो, बायको आणि वडील. वडिलांनी अख्खा जन्म वजनकाट्यावर काढला होता, मालाने भरलेल्या ट्रकांची वजनं लिहीत. पस्तीस वर्षांत एक किलो इकडचा तिकडे लिहिला नाही, हे ते अजूनही भेटेल त्याला सांगत. बायको घरी शिलाई करायची. मशीन खिडकीशी होतं. शिवता शिवता ती मध्येच थांबायची, पाय तसाच पेडलवर ठेवून बाहेर बघत बसायची. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं. तिसऱ्या मजल्यावरच्या त्या घरी येताना दुसऱ्या मजल्याच्या वळणावर तिच्या चपलेचा पट्टा नेमका निसटायचा. ती वाकायची, पट्टा सारखा करत राहायची, आणि तो पिशव्या घेऊन दोन पायऱ्या वर उभा राहायचा. पट्ट्याला काहीही झालेलं नव्हतं. ती दम खात होती आणि तसं दिसू नये म्हणून सोंग करत होती. त्याला ते दिसत होतं आणि तोही न दिसल्याचं सोंग करत होता. चार वर्षं दोघांची सोंगं सुखाने नांदली.

ज्याने गावभर लोकांना कधीपासून, कधीपासून म्हणून विचारलं, त्याने बायकोला एकदाही विचारलं नाही. विचारलं असतं तर कळलं असतं, आणि कळलं असतं तर अर्जात लिहावं लागलं असतं.

कारण मधल्या काळात पॉलिसी बदलली होती. नऊ वर्षं ज्या कंपनीचे हप्ते भरले, तिने दरवर्षी हप्ता वाढवत नेला, आणि त्याला पन्नासावं लागलं त्या वर्षी तो जवळजवळ दुप्पट झाला. पुढच्या महिन्यात भरू, त्याच्या पुढच्या महिन्यात भरू, असं करता करता ती पॉलिसी बंद पडली. तो ज्या कंपनीसाठी घरोघर फिरायचा तिने त्याला कसलंच संरक्षण दिलेलं नव्हतं, केसमागे पैसे घेणाऱ्याला ते नसतं. दोन वर्षांपूर्वी त्याने तिसऱ्याच एका कंपनीची स्वस्त पॉलिसी घेतली. अर्जात ‘याआधी काही आजार?’ असा रकाना होता. त्याने स्वतःच्या हाताने लिहिलं, ‘नाही’. या रकान्याचा अर्थ त्याच्याइतका चांगला कुणाला कळत होता?

आणि आता बायको दवाखान्यात होती. पायांना सूज आली, पलंगावर आडवं होणं जमेना, म्हणून नेलं, तर डॉक्टरांनी सांगितलं की हृदयाची एक झडप निकामी झाली आहे, आठवड्याच्या आत बदलावी लागेल. दवाखान्याने विमा कंपनीकडे मंजुरी मागितली. मंजुरी आली तर ऑपरेशन, नाही आली तर पैसे आधी भरा. घर विकून भरावे तर घर भाड्याचं. दुसऱ्या दिवशी कंपनीचं उत्तर आलं, ‘तपासणीसाठी राखून ठेवले आहे. प्रतिनिधी गुरुवारी सकाळी अकरा वाजता घरी येतील.’ तो मजकूर त्याने एकदाच वाचला. असे कागद त्याला पाठ होते.

बुधवारी त्याने फ्रीजचं डोकं रिकामं केलं. मशीनच्या खणात, चिंध्यांच्या खाली, बुटांचा एक खोका निघाला. त्यात कोपऱ्यावरच्या डॉक्टरच्या चिठ्ठ्या होत्या, तारीखवार, रबर लावून ठेवलेल्या. धाप, धाप, धाप, छातीत धडधड. पहिली चिठ्ठी चार वर्षांपूर्वीची. ती एकटीच जात होती आणि एकटीच येत होती. तो तिथेच जमिनीवर बसून रडला. मग उठला आणि एकेक चिठ्ठी बारीक फाडून त्याने ती रद्दी तीन वेगवेगळ्या कचराकुंड्यांत टाकली, कारण एकाच कुंडीत टाकू नये हेही त्याला माहीत होतं.

दवाखान्यात बायकोने विचारलं, “आपण खोटं बोलतोय का हो?”

“खोटं कुठे? आपण फक्त कमी बोलतोय.”

“बाबांना नका हो अडकवू. त्यांना जमणार नाही.”

हीच तर भीती होती. त्याने संध्याकाळी वडिलांना समोर बसवलं. म्हणाला, “बाबा, उद्या एक जण येतील. त्यांनी विचारलं तर एवढंच सांगायचं, महिनाभर झाला. आधी काही नव्हतं.”

“पण आधी होतं,” वडील म्हणाले. “ती जिन्यात थांबायची. मी वरून ऐकायचो, दुसऱ्या मजल्यावर पावलं थांबायची.”

“होतं. पण सांगायचं नाही.”

“मी पस्तीस वर्षं...”

“मला माहीत आहे बाबा. पण काट्यावर या वेळी ती आहे.”

वडील उठून आपल्या पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडले.

गुरुवारी अकराला बेल वाजली. दारात पन्नाशीची एक बाई उभी होती. खांद्याला कापडी पिशवी, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला, आणि दम लागलेला. “जिने फार आहेत हो तुमच्याकडे,” असं म्हणून ती बाहेरच्या खोलीतच बसली आणि म्हणाली, “जरा पाणी मिळेल?”

तो मनात म्हणाला, आता उठेल आणि मागे येईल. ती नाही आली. तो एकटाच स्वयंपाकघरात गेला. टेबलावर पेला भरून ठेवलेला होता, त्यावर बशी. सकाळपासून वडील खोलीबाहेर आले नव्हते आणि त्याने स्वतः ठेवला नव्हता. ओट्याकडे न बघता त्याने बशी काढली आणि पेला बाहेर नेला. बाईने तो एका दमात संपवला.

तिचे प्रश्न साधे होते. कधी दाखल केलं, कुणी पाठवलं, आधीच्या काही फायली? तो तोलून मापून उत्तरं देत गेला. उत्तर फार लवकर द्यायचं नाही, फार तपशिलात द्यायचं नाही, तारीख जरा आठवल्यासारखी करायची. हे सगळं त्याला दुसऱ्या बाजूने माहीत होतं. मग बाई म्हणाली, “आजोबांशी बोलू का दोन शब्द?”

वडील स्वतःच बाहेर आले. धुतलेला सदरा घातला होता, बटणं गळ्यापर्यंत लावली होती. कामावर जाताना लावायचे तशी.

“आजोबा, सूनबाईंना हा त्रास आधीपासून होता?”

वडिलांनी तिच्याकडे सरळ पाहिलं. “नाही. महिनाभर झाला. त्याआधी ठणठणीत होती. तिन्ही जिने एका दमात चढायची.”

आवाज जराही हलला नाही. बाईने लिहून घेतलं. वडील वळले आणि आत गेले. मुलाकडे त्यांनी पाहिलं नाही. तो त्यांच्या पाठीकडे बघत राहिला. एक जन्मभराचा खरेपणा त्या म्हाताऱ्याने सुनेसाठी अर्ध्या मिनिटात टाकून दिला होता. आणि तरी त्याला हायसं वाटलं. जमलं होतं. आता मंजुरी येणार, झडप बदलणार, ती घरी येणार.

बाईने पेनाला टोपण लावलं. फाईल पिशवीत टाकली, त्याला नमस्कार केला आणि निघाली. तो सोडायला जिन्यापर्यंत गेला, मग सवयीने तिच्या मागोमाग खालीही. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर बाई थांबली. कठड्याला हात धरून वाकली आणि चपलेचा पट्टा सारखा करू लागली.

तो चार पायऱ्या वर उभा होता. त्या वाकलेल्या पाठीकडे त्याचं लक्ष खिळलं.

बाई वाकूनच म्हणाली, “घरात माणूस आजारी असलं की आजाऱ्याकडे सगळे बघतात. जवळच्याकडे कुणी बघत नाही. तुमचे डोळे बघा कसे झालेत. कधीपासून झोपला नाहीत तुम्ही?”

टोपण लागलेलं पेन. दाराबाहेरची जागा. चपला. सगळं त्याच्या डोळ्यांपुढे होतं, आपणच हाताने रचल्यासारखं. आणि तरी त्याच्या घशातून आवाज निघाला.

“चार वर्षं झाली हो. चार वर्षं. इथेच, तुम्ही उभ्या आहात ना, इथेच ती थांबायची. पट्टा नीट करायचं सोंग करायची, मला कळू नये म्हणून. मी पिशव्या घेऊन वर उभा राहायचो. रात्री ती उशा रचून बसून झोपायची आणि मी डोळे मिटून तिचा श्वास ऐकायचो, आता येतोय का, आता येतोय का. चार वर्षं ऐकतोय मी.”

बाई सरळ उभी राहिली. तिच्या चेहऱ्यावर जिंकल्याचं काही नव्हतं. थकलेला, साधा चेहरा होता, आणि डोळ्यांत खरोखरच पाणी होतं. तेव्हा म्हातारीच्या दारात आपल्याही डोळ्यांत असंच पाणी आलं होतं, हे त्याला आठवलं. ते पाणी खरंच होतं. त्याने कागदाला काही फरक पडला नव्हता.

आया दया यावी म्हणून दुःख लांबवतात, असं त्याने लोकांना शिकवलं होतं. साफ खोटं होतं ते. म्हातारीला काहीच नको होतं. तिला कुणीतरी विचारलं, एवढंच झालं होतं.

“काळजी घ्या,” बाई म्हणाली.

आता गप्प बसावं, निदान आता तरी, असं त्याला वाटलं. पण शब्द आधीच बाहेर पडत होते, आणि ते त्याचे नव्हते, तो आवाजही सगळा त्याचा नव्हता. “बाई, तुम्ही किती नीट विचारलंत. दुसऱ्या कुणी विचारलंच नाही हो.”

ती पटपट खाली उतरून गेली.

तो वर आला आणि मशीनजवळच्या खिडकीशी उभा राहिला. बाई इमारतीतून बाहेर पडली, रस्ता ओलांडून कोपऱ्यावर गेली, तिथल्या बुटक्या कठड्यापाशी थांबली. पिशवीतून कागद काढून तिने कठड्यावर ठेवला. चष्मा डोळ्यांवर चढवला. जरा वेळ ती नुसतीच उभी राहिली, पेन हातात धरून, आणि तेवढा वेळ त्याने श्वास घेतला नाही. मग ती खाली वाकली. एक ओळ लिहायला लागतो तेवढाच वेळ लागला.

मागून वडील आले. सदऱ्याचं वरचं बटण त्यांनी आता काढलं होतं.

“गेल्या का त्या?”

“गेल्या.”

“मी बरोबर बोललो ना रे? कुठे चुकलो तर नाही ना?”

स्वयंपाकघरातून सालं काढल्याचा बारीक आवाज येत होता. त्याने मान वळवली नाही.

“नाही बाबा,” तो म्हणाला. “तुम्ही अगदी बरोबर बोललात.”